मालक बदलला, आता रूमचं काय?

महिन्याची एक तारीख. पगार झालेला असतो, भाडं टाकायची वेळ झालेली असते आणि तेवढ्यात मोबाइलवर मेसेज येतो : ‘जागा विकली आहे. या महिन्यापासून भाडं माझ्या नंबरवर टाकू नका. नवीन मालक फोन करतील.’ बस, एवढंच. कुणाला विकली, कधी विकली, आपलं डिपॉझिट कुठं गेलं, ॲग्रीमेंटचे राहिलेले सात महिने धरले जाणार की नाही, यातलं काहीच त्या मेसेजमध्ये नसतं. मग रूमवर रात्री एकच चर्चा. एक म्हणतो, ‘चला, दुसरी रूम बघू.’ दुसरा म्हणतो, ‘ॲग्रीमेंट आहे ना आपलं, कोण काढतंय?’ तिसरा मोबाइलवर कायदा शोधत बसतो. गंमत म्हणजे तिघंही थोडेथोडे बरोबर असतात. कोण किती बरोबर, हे ठरतं तुमच्या हातात कुठला कागद आहे आणि तुमची रूम कुठल्या हद्दीत आहे त्यावरून.

इकडे मालक, तिकडे भाडेकरू

मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या मधला आपला राहू बेटाचा पट्टा उसाचा आणि गुऱ्हाळांचा. इथली पोरंपोरी बारावी झाली की बाहेर पडतात. कुणी वाघोली-हडपसरला कॉलेज किंवा कंपनीसाठी, कुणी सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या तयारीला, कुणी नदी ओलांडून शिरूर तालुक्यात रांजणगावच्या एमआयडीसीत, तर कुणी आपल्याच तालुक्यात कुरकुंभला. तिथं ही सगळी मंडळी भाडेकरू. आणि त्याच वेळी गावाकडे वडिलांनी रस्त्याच्या कडेला चार खोल्या बांधलेल्या असतात. त्यात शाळेतले सर राहतात, बँकेतला क्लार्क राहतो, गुऱ्हाळावर कामाला बाहेरच्या राज्यातून आलेलं एखादं कुटुंब राहतं. तिथं आपण घरमालक.

म्हणजे एकाच घरातला मुलगा पुण्यात नव्या मालकाच्या फोनची धास्ती घेऊन बसलेला आणि त्याच घरातले वडील गावाकडच्या खोल्या विकायचा विचार करत असलेले, असं चित्र आपल्याकडे नवं नाही. म्हणून हा विषय दोन्ही बाजूंनी माहीत असलेला बरा.

घर विकलं म्हणजे भाडेकरूही बदलला, असं नाही

पहिली गोष्ट. घर विकायला मालकाला भाडेकरूची परवानगी लागत नाही. ‘आम्हाला न विचारता विकलंच कसं?’ हा राग समजण्यासारखा आहे, पण कायद्यात त्याला आधार नाही. मात्र त्याची दुसरी बाजूही तेवढीच पक्की आहे. नुसतं घर विकलं म्हणून भाडेकरूचा करार आपोआप संपत नाही.

हे सांगणारा कायदा चांगलाच जुना आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम १०९ चा सोप्या भाषेतला अर्थ असा, की घर विकत घेणारा माणूस भाडेकरूच्या बाबतीत जुन्या मालकाच्या जागी येऊन बसतो. जुन्याला भाडं घ्यायचा हक्क होता, तो आता नव्याला. जुन्याला नोटीस द्यायचा हक्क होता, तोही आता नव्याला. आणि भाडेकरूनं म्हटलं तर जुन्याच्या जबाबदाऱ्याही नव्याच्या अंगावर येतात. तुमचा तीन वर्षांचा रजिस्टर भाडेकरार असेल आणि एका वर्षानंतर घर विकलं गेलं, तर राहिलेली दोन वर्षं नव्या मालकाला पाळावी लागतात. ‘मी काही तुमच्याशी करार केला नाही’ हे त्याचं म्हणणं चालत नाही.

कागदच नसेल तर? आपल्याकडे गावात खोली देताना ‘हाय की ओळखीचा माणूस’ एवढ्यावर व्यवहार होतो. अशा तोंडी, महिना-महिना चालणाऱ्या भाड्यालाही कायदा मानतो. पण तिथं संरक्षण पातळ आहे. याच कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल, तर राहण्यासाठी महिन्यानं घेतलेली जागा पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन सोडायला सांगता येते. नवा मालकही ती देऊ शकतो.

पुण्यात वेगळं, गावात वेगळं

आता हद्दीचा मुद्दा. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ चा आहे आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता. पुण्यातल्या पेठांमधल्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी बिऱ्हाडं, वाड्याचा मालक बदलला तरी हलली नाहीत, ती या कायद्यांच्या जोरावर. या कायद्याखाली मालकाला जागा परत हवी असेल तर ठरावीक कारण दाखवावं लागतं. भाडं थकवलं, जागेचं नुकसान केलं, मालकाला स्वतःला राहण्यासाठी खरोखर गरज आहे, अशी ती कारणं आहेत. ‘मी आत्ताच विकत घेतलं’ हे त्या यादीत कारण म्हणून नाही.

पण हा कायदा राज्यातल्या प्रत्येक वाडी-वस्तीला सरसकट लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत जे भाग दिलेत, तेवढ्यांनाच तो लागू होतो. पुणे शहर त्यात येतं. राहूसारख्या गावातली खोली मात्र परिशिष्टात गावाचं नाव नसेल तर १८८२ च्या कायद्यावरच चालणार. म्हणजे सदाशिव पेठेतल्या मित्राचा किस्सा ऐकून गावातल्या खोलीबद्दल ठाम बोलू नका आणि उलटंही करू नका. तुमची रूम नेमकी कुठल्या कायद्यात बसते, हा प्रश्न वकिलाला सगळ्यात आधी विचारायचा.

‘लिव्ह अँड लायसन्स’मधली खरी मेख

इथं बहुतेकांची गफलत होते. आपण ज्याला सरसकट ‘रेंट ॲग्रीमेंट’ म्हणतो, तो अकरा महिन्यांचा कागद नीट वाचून बघा. वर मोठ्या अक्षरात ‘लिव्ह अँड लायसन्स’ असं लिहिलेलं असतं. मराठीत ‘संमती व परवाना करार’. यात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसता, परवानाधारक असता. मालकानं तुम्हाला जागा वापरायची परवानगी दिलेली असते, जागेत तुमचा हक्क तयार केलेला नसतो.

फरक कागदी वाटतो, पण मालक बदलला की तो एकदम खरा होतो. परवान्याबद्दलचे नियम १८८२ च्याच दुसऱ्या एका कायद्यात, भारतीय सुविधाधिकार कायद्यात आहेत. त्याचं कलम ५९ सांगतं, की परवाना देणाऱ्यानं मालमत्ता दुसऱ्याला दिली, तर तो दुसरा माणूस केवळ खरेदीदार म्हणून त्या परवान्याला बांधील नसतो. म्हणजे भाडेकराराच्या बरोबर उलट. रूमवरच्या चर्चेत ‘ॲग्रीमेंट आहे, कोण काढतंय’ म्हणणारा मित्र इथं चुकतो.

पण म्हणून नव्या मालकानं आज रात्री बॅगा भरायला सांगायच्या, असंही नाही. त्याच कायद्यात पुढं दोन गोष्टी आहेत. परवाना रद्द झाला तर जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे, हे कलम ६३. आणि तुम्ही पैसे मोजून मुदत घेतली होती, तुमची काही चूक नसताना मुदतीआधी बाहेर पडावं लागलं, तर परवाना देणाऱ्याकडून, म्हणजे जुन्या मालकाकडून नुकसानभरपाई मागता येते, हे कलम ६४. थोडक्यात, भांडण असलं तर ते बहुतेक वेळा नव्याशी नाही, जुन्याशी आहे. त्यामुळं जुन्या मालकाचा नवा पत्ता आणि नंबर तो हिशेब मिटवून जायच्या आत घेऊन ठेवा.

‘कागदावर लायसन्स लिहिलंय, पण आम्ही तर भाडेकरूसारखेच राहतो,’ असंही काही जण म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या खटल्यात सांगितलं होतं, की कागदाच्या नावापेक्षा व्यवहार खरा काय होता ते बघायचं. पण महाराष्ट्राच्या भाडेनियंत्रण कायद्याच्या हद्दीत लेखी परवाना करारातला मजकूर हा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे पुण्यात सही करताना जे लिहिलंय तेच पुढं धरलं जाणार. तिथं मुदत संपल्यावरही जागा सोडली नाही, तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरायची पाळी येऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

मग उपाय काय? करार करतानाच एक ओळ टाकायची. ‘मुदतीत जागा विकल्यास मालक खरेदीखतात या कराराची नोंद करतील, खरेदीदार उरलेली मुदत पाळेल आणि डिपॉझिटची रक्कम त्याच्याकडे वर्ग केली जाईल, तसं न झाल्यास मालक डिपॉझिट आणि नुकसानभरपाई देतील.’ एजंट म्हणेल, आमच्या फॉरमॅटमध्ये हे नसतं. फॉरमॅट देवानं दिलेला नाही. दोन्ही बाजू कबूल असतील तर ओळ वाढवता येते.

आणि करार रजिस्टर करा. भाडेनियंत्रण कायद्याच्या हद्दीत भाड्याचा किंवा परवान्याचा करार लेखी करणं आणि त्याची नोंदणी करणं सक्तीचं आहे, जबाबदारी मालकाची आहे, आणि न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, जोपर्यंत मालक ते खोटं ठरवत नाही. खर्चही फार नाही. परवाना करारावरचं मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं गृहीत व्याज धरून त्याच्या ०.२५ टक्के असतं. आठ हजार भाड्याच्या रूमला अकरा महिन्यांसाठी ते काही शे रुपयांतच बसतं. तिघांत वाटलं तर एका वेळच्या मिसळीएवढं.

भाडं कुणाच्या नंबरवर?

मालक बदलल्यावर सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो. आणि इथं कायदा भाडेकरूच्या बाजूनं उभा आहे. घर विकलंय हे तुम्हाला माहीत नव्हतं, तसं वाटायला काही कारणही नव्हतं, आणि तुम्ही नेहमीप्रमाणं जुन्या मालकाला भाडं टाकलं, तर तेच भाडं नवा मालक तुमच्याकडून पुन्हा मागू शकत नाही. ते त्यानं जुन्याकडून घ्यायचं. कलम १०९ मध्येच हे आहे. तसंच विक्रीच्या आधीची थकबाकी असेल तर ती नव्या मालकाला आपोआप मिळत नाही, तसं त्यांच्यात वेगळं ठरलं असेल तरच.

पण एकदा कळलं, की मग ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. म्हणून नुसता फोन किंवा मेसेज आला, की घाईनं नव्या नंबरवर पैसे टाकू नका आणि जुन्यावरही टाकू नका. आधी तीन गोष्टी मागा. जुन्या मालकाचं सहीचं पत्र किंवा निदान त्याच्या स्वतःच्या नंबरवरून स्पष्ट मेसेज. खरेदीखताचा दस्त क्रमांक आणि तारीख. नव्या मालकाचं नाव, पत्ता आणि खातं.

दस्त क्रमांक मिळाला तर तो खरा की खोटा हे बघता येतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ‘सूची दोन’ शोधायची सोय आहे. कोणी कुणाला विकलं ते त्यात दिसतं. गावातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा ‘नमुना आठ’चा उतारा बघा, त्यात मालक आणि भोगवटादार अशी दोन्ही नावं असतात. पण एक ध्यानात घ्या, नमुना आठ ही घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. गावठाणात आता स्वामित्व योजनेतून ड्रोनमोजणी करून मिळकत पत्रिका मिळायला लागल्यात. त्याची सुरुवातीची चाचणी आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली होती. ज्या घराची मिळकत पत्रिका आहे, तिथं ती बघणं सगळ्यात सोपं.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. कागद मागणं वेगळं आणि ‘मी तुम्हाला मालकच मानत नाही’ असं लिहून देणं वेगळं. भाडेकरूनं मालकाची मालकी नाकारली तर ते त्याच्याच अंगलट येऊ शकतं, तेच करार संपवायचं कारण होऊ शकतं. म्हणून भाषा साधी ठेवा. ‘भाडं द्यायला मी तयार आहे, कुणाला द्यायचं एवढं कागदावर दाखवा.’ एवढंच. आणि खरंच तयार राहा, ती रक्कम बाजूला काढून ठेवा. थकबाकी हा भाडेकरूचा सगळ्यात कच्चा दुवा असतो आणि नव्या मालकाला नेमका तोच हवा असतो. रोख द्यायची वेळ आली तर पावती घ्या. पावती देत नसतील तर खात्यावर टाका, तो व्यवहारच तुमची पावती.

डिपॉझिटचं त्रांगडं

खरं भांडण पेटतं ते इथं. जुना मालक म्हणतो, ‘घरच विकलं, आता डिपॉझिट त्यांच्याकडून घ्या.’ नवा म्हणतो, ‘मला कुणी दिलं नाही, ज्याला दिलं त्याला विचारा.’ तीस-चाळीस हजार रुपये मधल्यामधे लटकतात. महिना पंधरा हजार कमावणाऱ्या पोरासाठी ती रक्कम लहान नसते. बऱ्याचदा ती घरून आणलेली असते, उसाच्या बिलातून किंवा आईच्या बचत गटातून.

पैसे ज्यानं घेतले, परत द्यायची पहिली जबाबदारी त्याची, हे धरून चाला. नवा मालक ती जबाबदारी घेणार असेल, तर ते त्याच्याकडून लिहून घ्या. सगळ्यात चांगलं म्हणजे तिघांच्या सहीचा एक साधा कागद. ‘अमुक भाडेकरूचं इतकं डिपॉझिट विक्रेत्यानं खरेदीदाराकडे सोपवलं, जागा सोडताना खरेदीदार ते परत करील.’ घराचा सौदा होताना विकणारा आणि घेणारा एकदा तरी समोरासमोर येतातच. तेवढ्यात हा कागद झाला तर झाला. नंतर दोघांनाही तुमची गरज उरत नाही.

आणि ‘शेवटचे तीन महिने भाडंच देत नाही, डिपॉझिटमधून कापा’ हा रूमवर सर्रास दिला जाणारा सल्ला मालक बदलल्यावर फार धोक्याचा आहे. डिपॉझिट जुन्याकडे आणि भाडं नव्याचं, मग कापणार कोण? नव्याच्या वहीत तुम्ही थकबाकीदार होता.

मालक वारले, आता भाऊ-बहीण

आपल्या भागात मालक बदलतो तो नेहमी विक्रीनंच असं नाही. म्हातारे मालक जातात, मग एक भाऊ म्हणतो भाडं मला द्या, दुसरा म्हणतो ती खोली माझ्या वाटणीची. कायद्यानं वारसांच्या हातात ते घर जातं तेव्हाही भाडेकरूचा करार तसाच पुढं चालतो. भाडेनियंत्रण कायद्याच्या हद्दीतल्या परवाना करारातही मृत मालकाचे वारस त्याच्या जागी येतात.

इथं लोक एक गोष्ट विसरतात. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि आई यांचे हिस्से सारखे असतात. लग्न होऊन गेलेल्या ताईचाही हिस्सा असतो. त्यामुळं ‘मी थोरला, मीच मालक’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. वाटणी होईपर्यंत भाडं कुणी घ्यायचं, यावर सगळ्यांच्या सह्यांचं एक पत्र मागा. पत्र मिळत नसेल तर ज्या खात्यावर आधीपासून एकमतानं भाडं जात होतं, तिथंच देत राहा आणि बाकीच्यांना तसं लेखी कळवा. भावाभावांच्या भांडणात एकाची बाजू घेऊन बसणारा भाडेकरू पुढं दोघांचाही नावडता होतो.

दारावर बँकेची नोटीस

कधीकधी नवा मालक म्हणून माणूस येत नाही, दारावर नोटीस चिकटते. मालकानं घर तारण ठेवून कर्ज घेतलं, हप्ते थकले आणि बँकेनं २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ताबा घ्यायला सुरुवात केली. लिलावात जो घेईल तो तुमचा नवा मालक.

सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये विशाल कलसरिया विरुद्ध बँक ऑफ इंडिया या मुंबईतल्या प्रकरणात सांगितलं, की भाडेनियंत्रण कायद्यानं भाडेकरूला दिलेलं संरक्षण सरफेसीच्या जोरावर मोडता येत नाही. पण २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं हेही सांगितलं, की नोंदणी नसलेल्या किंवा तोंडी करारावर ताबा सांगणाऱ्याला वर्षापेक्षा जास्त काळ त्यावर विसंबता येणार नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर भाडेकरूला ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे स्वतः अर्ज करता येतो. या सगळ्याचा रोजच्या जगण्यातला अर्थ एकच. नोटीस दिसली, की तिचा फोटो काढा, तारीख लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा. तिथं मुदती मोजक्या असतात.

कुलूप बदललं, लाइट तोडली तर?

नोटीस देणं आणि माणूस बाहेर काढणं यात न्यायालय येतं. नवा मालक असो की जुना, भाडेकरूचं सामान रस्त्यावर टाकायचा, कुलूप बदलायचा हक्क कुणालाच नाही. असं झालंच तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली दिवाणी न्यायालयात जाता येतं. तिथं मालकी कुणाची हा प्रश्नच नसतो. ताबा तुमचा होता आणि कायद्याचा मार्ग सोडून तो काढून घेतला, एवढंच दाखवायचं. मात्र हे सहा महिन्यांच्या आत करावं लागतं. भाडेनियंत्रण कायद्याच्या हद्दीत पाणी, वीज अशा आवश्यक सोयी विनाकारण तोडायलाही बंदी आहे.

न्यायालय दौंडलाही आहे, शिरूरलाही आहे. ‘वकिलाला द्यायला पैसे कुठून आणू?’ हा प्रश्न असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक यांना मोफत वकील मिळतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण १९८७ च्या विधी सेवा कायद्यातल्या त्याच यादीत औद्योगिक कामगारही आहे. रांजणगाव-कुरकुंभच्या कंपन्यांत काम करणाऱ्या पोरांनी हे पाठ करून ठेवावं. विधी सेवेची हेल्पलाइन १५१०० आहे.

एक सावधगिरी मात्र घ्या. बऱ्याच ठिकाणी रूम कंत्राटदाराच्या नावावर असते आणि पोरं फक्त राहतात. मग मालक बदलला की तुमचं नाव कुठंच निघत नाही. निदान तुमच्या नावानं भाड्याची नोंद, पोलिस ठाण्यात दिलेला भाडेकरूचा फॉर्म, असं काहीतरी हातात असू द्या.

बाहेर कसं चालतं?

शिकायला जर्मनीला गेलेल्या मित्राला विचारून बघा. तिथल्या दिवाणी संहितेत ‘विक्रीनं भाडेकरार मोडत नाही’ हे तत्त्व कलम ५६६ मध्ये बसवलंय. आणि पुढचं कलम सांगतं, की डिपॉझिट परत द्यायची जबाबदारीही खरेदीदारावर येते. आपल्याकडचं ते त्रांगडं तिथं कायद्यानंच सोडवलं. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्यानं नव्या मालकाला आपलं नाव-पत्ता भाडेकरूला लेखी कळवावा लागतो, दोन महिन्यांत किंवा भाड्याच्या पुढच्या तारखेपर्यंत, जे नंतर येईल तोवर. तसं कळवेपर्यंत जुना मालकही जबाबदारीतून सुटत नाही.

आपल्याकडे केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं असं सुचवलंय. पण तो नमुना आहे. राज्यानं स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो तुमच्या रूमला लागू होत नाही. ‘केंद्राचा कायदा आलाय, दोनच महिन्यांचं डिपॉझिट देणार’ असं मालकाला ठणकावू नका.

आणि खोल्या आपल्याच असतील तर?

आता पुण्यातून जरा गावाकडे या. समजा वडील राहूतल्या रस्त्यालगतच्या खोल्या विकायला निघालेत. सौदा ठरला, इसार झाला. खोल्यांत राहणारे सर, क्लार्क आणि गुऱ्हाळावरचं कुटुंब यांना हे कोण सांगणार? बहुतेक घरांत उत्तर असतं, ‘कळंल त्यांना.’

त्यांतल्या दोघांना कळेल आणि ते सोय करतील. तिसऱ्या कुटुंबाचं काय? ते गुऱ्हाळाच्या हंगामावर जगतं, त्यांच्याकडे कागद नाही, मराठी वाचता येत नाही, आणि मुलं इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. हंगामाच्या मध्ये पंधरा दिवसांच्या नोटिशीवर त्यांना खोली कोण देणार? कायद्यानं त्यांचा हक्क पातळ असेल, पण तुम्ही त्यांचं बिऱ्हाड रस्त्यावर येणार नाही एवढं तर बघू शकता.

त्यासाठी फार काही करावं लागत नाही. घरातल्या शिकलेल्या मुलानं किंवा मुलीनं एक पानाचं पत्र तयार करायचं. घर कुणाला, कधी विकलं, दस्त क्रमांक काय. कुठल्या तारखेपर्यंतचं भाडं आमच्याकडे आलं. डिपॉझिट किती होतं आणि ते परत दिलं की नव्या मालकाकडे सोपवलं. नवा मालक कोण, त्याचा नंबर काय. आणि ठरल्याप्रमाणे अमुक महिन्यापर्यंत यांना राहू द्यायचं. वडिलांची सही, खरेदीदाराची सही, एक प्रत भाडेकरूला. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांना ते हिंदीत वाचून दाखवायचं. खरेदीखताच्या दिवशी सगळे दुय्यम निबंधक कार्यालयात जमलेले असतातच, तिथंच दहा मिनिटांत हे होतं.

तुम्हाला पुण्यात एक तारखेला जो दोन ओळींचा मेसेज आला, त्याऐवजी तुम्हाला नेमकं असंच पत्र हवं होतं. मग आपल्या खोल्यांतल्या माणसांना ते देताना हात आखडायचं कारण नाही. या सुट्टीत गावी गेलात की वडिलांशी एवढं बोलून घ्या, आणि परत रूमवर आलात की आपलं ॲग्रीमेंट काढून वर काय लिहिलंय ते एकदा वाचा.